कर्जाच्या रकान्यातली वर्षं

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर पुरवणीत कोण लिहितं ते मी वाचत आलो आहे. त्यांच्या बरोबरीची माणसं लिहितात, घरचे लिहितात, ज्यांना लिहायची सवय आहे ते लिहितात. मी यांतला कोणीच नाही. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. घाडी सरांना माझ्याहून जवळून ओळखणारी पुष्कळ माणसं आहेत. पण शेवटच्या काळात सरांच्या मनाला जे लागून राहिलं होतं ते माझ्या घराशी जोडलेलं होतं, आणि ते दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. म्हणून धीर करतो आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं...

बातमी आली तेव्हा मी आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये होतो. पवईच्या बाजूला एका लहानशा ऑफिसात मी शिकाऊ म्हणून जातो, त्यासाठी गोरेगावहून ती बस सोयीची पडते. वर्गाच्या ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, ‘घाडी सर गेले.’ मी लगेच ‘कधी? कसे?’ असं लिहिलं, पण त्या रस्त्यावर मध्येच रेंज जाते, तशी ती गेली. माझा प्रश्न पाठवला गेलाच नाही. बाहेर तबेले, मग झाडं, मग पुन्हा झाडं. तेवढा वेळ मी स्वतःला समजावत होतो की हे दुसरे कोणी घाडी सर असतील, ज्युनियर कॉलेजला एक घाडगे सर आहेत, लिहिणाऱ्यानं घाई केली असेल. मरोळच्या बाजूला रेंज आली आणि एकदम खूप संदेश आले. हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली होती. सर झोपेतच गेले होते, हृदयविकारानं. मी माझ्या थांब्यावर उतरलो नाही. उतरायचं असतं हे लक्षातच आलं नाही.

त्यांचं पूर्ण नाव मोहन घाडीगावकर. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, सर इथंच वाढलेले. अंधेरीच्या एका संशोधन कंपनीत त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कोणत्या कंपनीचा शेअर घेण्याजोगा आहे ते लिहायचं, हे त्यांचं काम. पहिला झटका आल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि आमच्या कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवायला येऊ लागले. बोलणं भरभर आणि फटकळ. रागावले किंवा खूश झाले की मालवणीत शिरायचे, आणि ते नक्की कशामुळे शिरलेत हे आम्हाला बराच वेळ कळायचं नाही.

त्यांच्या पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर होतो. मी कायम तिथंच बसायचो. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, गोष्ट सांगावी तसं सांगू लागले. दोन रिक्षा विकायला आहेत. एक जण म्हणतो, मला लाख द्या आणि घेऊन जा, फक्त बँकेचे राहिलेले हप्ते तुम्ही भरा. दुसरा म्हणतो, दीड लाख द्या, हप्ता एकही राहिलेला नाही. “आता सांगा, तुमका खंयची रिक्षा होयी? स्वस्त कोणती?” सगळा वर्ग पहिली, पहिली म्हणाला. मी हळूच म्हटलं, हप्ते किती राहिलेत ते कळल्याशिवाय कसं सांगणार? ते सरांपर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं. माझे बाबा रिक्षा चालवतात. बुलढाण्याकडून आल्यावर त्यांनी पहिली रिक्षा अशीच दुसऱ्याच्या हप्त्यांसकट घेतली होती, आणि आमच्या घरात त्या हप्त्यांबद्दल इतकं बोललं गेलं होतं की मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. सरांनी मला पुढच्या बाकावर बोलावलं. म्हणाले, “ज्याला हा प्रश्न पडतो त्यानं मागे बसून चालत नाही.” तेव्हापासून मी पुढे बसलो.

मग त्यांनी ती रिक्षा पूर्ण केली. मालक मागतो ती किंमत, अधिक डोक्यावर येणारं कर्ज, वजा रिक्षात पडून असलेली रोकड जी आता तुमचीच होणार. ही झाली रिक्षाची खरी किंमत, सगळ्या ओझ्यासकट. हिलाच एंटरप्राइझ व्हॅल्यू म्हणतात. आता ती रिक्षा वर्षाला किती कमावते ते बघायचं. हप्ता आणि कर भरण्याआधीची, आणि गाडी झिजते तिची किंमत कापण्याआधीची कमाई. खरी किंमत त्या कमाईच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे मल्टिपल. कोणी कर्ज काढून रिक्षा घेतली, कोणी रोख घेतली, तरी रिक्षा तीच आणि रस्ता तोच. म्हणून तुलना करायची तर मागितलेल्या किमतीची करायची नाही, या पटींची करायची. मी तोवर असं समजत होतो की गुंतवणूक म्हणजे काचेच्या इमारतीतल्या लोकांचा विषय आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना विचारून आमच्या रिक्षाचा मल्टिपल काढला. बाबा म्हणाले, “हे काढून काय होतं?” सरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, “वडलांचा प्रश्न बरोबर आहे. लक्षात ठेव.”

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी मला घरी बोलावलं. त्यांचं घर चारकोपला, सेक्टरातल्या एका बैठ्या रांगेत. काकूंनी घावणे केले होते. सरांचा भाचा संदेश बसला होता. जहाजावरची नोकरी सोडून आलेला, साठवलेल्या पैशांतून एखादा छोटा कारखाना विकत घ्यावा असं त्याच्या मनात होतं. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत दोन कारखाने विकायला होते. एक बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करणारा, तीन-चार वर्षांपूर्वी उघडलेला. दुसरा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, खूप जुना. दोन्हीकडे गाळा मूळ मालकाकडेच राहून भाड्यानं मिळणार होता, धंदा तेवढा विकायचा होता. सरांनी दोन्हींची तुलना करून द्यायची आणि मी हाताखाली राहून शिकायचं, असं ठरत होतं. खोक्यांच्या कारखान्याचं नाव ऐकलं आणि माझा घास तोंडातच राहिला. माझी आई तिथं कामाला होती.

मी ते लगेच सांगितलं. सर म्हणाले, “मग तू येऊ नको.” थोड्या वेळानं म्हणाले, “नाही, ये. पण संदेशला आताच कळलंय हे बरं झालं. त्याला चालत असेल तर ये.” संदेशदादा हसायला लागला. म्हणाला, म्हणजे आतली बातमी फुकटात. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा घावण्याकडे वळला.

मी आईला काही सांगितलं नव्हतं. कारखान्यात गेलो तेव्हा ती लांब टेबलाशी उभी राहून घड्यांना खळ लावत होती. तिनं मला पाहिलं, सरांना पाहिलं, आणि परत मान खाली घातली. खळीचा तो आंबूस वास मी लहानपणापासून तिच्या पदराला ओळखत होतो, पण एवढा सगळा एका जागी पहिल्यांदाच आला. मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, म्हातारे होते, मुलगा परदेशी, मुलगी सासरी, आता दगदग नको म्हणत होते. हिशोब त्यांनी व्यवस्थित दाखवले. सरांनी सगळं पाहिलं आणि विचारलं की कामगारांच्या ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे निघताना द्यायच्या रकमेसाठी, किती बाजूला ठेवलंय? शेठ म्हणाले, “सगळ्या घरच्यासारख्या आहेत, सर. निघताना प्रत्येकीला देतोच काहीतरी.” म्हणजे काहीच ठेवलेलं नव्हतं. कोण कधी लागलं याचीही धड नोंद नव्हती.

तेव्हा सर उठले आणि त्या टेबलाकडे गेले. प्रत्येकीला विचारू लागले, तुम्हाला इथं किती वर्षं झाली? पहिली होती शेवंताबाई, सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, “वर्षं विचारताय, लग्न जमवायचंय का?” सगळ्या हसल्या. सर म्हणाले, “जमवू की. आधी हुंडा मोजतोय.” मग मात्र बायका सांगू लागल्या, पण आकड्यात एकीनंही सांगितलं नाही. शेवंताबाई म्हणाली की तिच्या थोरलीचं बारसं झालं आणि पुढच्या महिन्यात ती इथं लागली. एक म्हणाली, तेव्हा या बाहेरच्या रस्त्यावर डांबर नव्हतं. एक म्हणाली, नवरा गेला त्याच्या वर्षश्राद्धाच्या आधी. सर प्रत्येकीशी थांबून ते वर्षांत बसवत होते, ती थोरली आता किती वर्षांची, नवरा जाऊन किती झाली, आणि मी लिहून घेत होतो. मग माझ्या आईपाशी आलो. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “हा रांगत होता.” सर माझ्याकडे वळून वाट बघत राहिले. तो आकडा मलाच काढायचा होता. माझ्या वयातून एक वजा केला आणि लिहिला.

सरांच्या घरी बसून आम्ही बेरीज केली. मागितलेल्या किमतीवर बघितलं तर खोक्यांचा कारखाना वर्षाच्या कमाईच्या पावणेतीन पट पडत होता आणि झाकणांचा साडेतीन पट. दोन्हींवरचं बँकेचं कर्ज मिळवलं, रोकड वजा केली, तर खोक्यांचा पावणेचार झाला आणि झाकणांचा चार. अजूनही आईचाच कारखाना स्वस्त होता. संदेशदादा म्हणाला, चला, ठरलं. सर म्हणाले, “गप रव जरा.” आणि त्यांनी मला ती वर्षं वाचायला सांगितली. मी वाचत गेलो, ते ग्रॅच्युइटी काढत गेले, आणि मला म्हणाले की हे सगळं कर्जाच्या रकान्यात लिही. मी लिहिता लिहिता थांबलो. आईचं नाव आलं होतं. मी म्हणालो, सर, हे कर्ज आहे? त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. “तिचं नव्हे रे बाबा. कारखान्याचं. तुझ्या आईकडून घेतलेलं. नीट वाच.”

ते धरलं आणि खोक्यांचा कारखाना साडेचारच्या जवळ गेला. आता झाकणांचा स्वस्त होता. तिथली मुलं कालपरवा लागलेली, त्यांचं देणं जवळजवळ नव्हतंच.

संदेशदादा वैतागला. म्हणाला की बायकांनी कधी मागितलंय का हे? शेठनं कधी दिलंय का? मग आपण कशाला आपल्या हातानं धरायचं? सर म्हणाले की ज्या दिवशी तू मालक होशील त्या दिवसापासून ते तुझं देणं आहे, त्यांनी मागो न मागो. “मामा, तू कोणाच्या बाजूनं आहेस?” त्यानं विचारलं. सर म्हणाले, “बेरजेच्या.” आणि मग त्यांनी आपल्या वडलांचं सांगितलं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या कानावर रोज जमिनीचे भाव यायचे, हा एवढे देतो, तो तेवढे देतो. कामगारांचं देणं मात्र कोणाच्या बोलण्यात नसायचं. “बाबा पेपर वाचून विचारायचे, यात आमचे धरलेत की नाही? मी तेव्हा तुझ्या वर्गात असेन, सुमेध. मला ते वाचता येत नव्हतं. म्हणून मी हा धंदा शिकलो.” काकू आत भांडी लावत होत्या, त्या थांबल्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांनी मला परवा सांगितलं.

संदेशदादानं झाकणांचा कारखाना घेतला. सरांची बेरीज बरोबर होती, हे मी आजही सांगू शकतो. पुस्तकं वाचून पुन्हा पुन्हा तपासली आहे. पण पुढे जे झालं ते असं, की खोक्यांच्या कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. शेठ आजारी पडले, ऑर्डरी तुटल्या, आणि उन्हाळ्यात एका सकाळी बायका कामावर गेल्या तर शटर खाली होतं. आई दुपारपर्यंत बाकीच्यांबरोबर बाहेर बसून राहिली आणि मग घरी आली. मी कॉलेजातून आलो तर ती जोगेश्वरीच्या आमच्या खोलीच्या दारात बसली होती, डबा न उघडलेला. म्हणाली, “आज काम नव्हतं.” उद्या असेल असा काहीसा तिचा सूर होता.

सरांना मीच सांगितलं. वर्ग सुटल्यावर, जिन्यात. त्यांनी कठडा धरला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले, जोगेश्वरीच्या लेण्यांच्या बाजूनं चढ चढून, धाप लागलेली. आमच्याकडे खुर्ची एकच आहे, तिच्यावर ते बसले नाहीत, खाली सतरंजीवर बसले. आईला म्हणाले की ताई, मी ती वर्षं मोजली नसती तर माझ्या भाच्यानं तो कारखाना घेतला असता आणि तुमचं काम राहिलं असतं. आईनं चहा पुढे केला. ती कमी बोलते. म्हणाली, “आणि आमची वर्षं?” सरांनी कप खाली ठेवला. मग तीच म्हणाली, “तुम्ही मोजलीत म्हणून कळलं की आमचं काही येणं आहे. आजवर आम्हाला वाटायचं, शेठ देतील ती दिवाळी.”

त्यानंतर सरांनी त्या बायकांचे अर्ज भरून घेतले आणि कामगार कार्यालयात दिले. तारखांना स्वतः बरोबर जायचे. बाकावर शेवंताबाई आणि ते शेजारी बसलेले असायचे, ती त्यांना म्हणायची, “सर, हुंडा कुठवर आला?” आणि सर म्हणायचे, “वरात वाटेत आहे.” शेठची नियत वाईट होती असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, गाळा सोडला तर, आणि गाळ्यावर शेठ आणि त्यांच्या भावांत वाद होता. तारखा पडत राहिल्या. शेवंताबाईचं वय झालं, तिला दुसरीकडे काम मिळेना, ती दापोलीकडे लेकीच्या गावी गेली. आई अंधेरीला एका ऑफिसात साफसफाईला लागली.

सरांना त्या गोष्टीनं सोडलं नाही. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, नुसतं, “बातमी?” मी म्हणायचो, नाही सर. ते बरं म्हणायचे आणि ठेवायचे. वर्गात तोच धडा नव्या मुलांना शिकवताना मी एकदा मागे जाऊन बसलो होतो. रिक्षांची गोष्ट आली, मुलं पहिली, पहिली म्हणाली, सगळं तसंच. पण शेवटी मल्टिपल काढून झाल्यावर सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलांना वाटलं काही लिहिणार आहेत. त्यांनी काही लिहिलं नाही. खडू ठेवला आणि म्हणाले, “जिला आपण महाग म्हटलं, तिचं पुढं काय होतं ते जाऊन बघत जा.”

मी बघायला जायचो. चारकोपला त्यांच्याकडे जाताना वाट वाकडी करून त्या गाळ्यावरून जायची मला सवय लागली. शटरवर धूळ बसली होती. एकदा मला आत घड्या पाडल्याचा आवाज आला, तो पुठ्ठ्याचा कोरडा आवाज, एकामागोमाग एक. मी शटरला कान लावला. शेजारच्या गाळ्यातलं कसलंसं यंत्र होतं. सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले की त्यांनाही येतो. ते सकाळच्या फेरीला तिकडून जात होते हे मला तेव्हा कळलं.

शेवटचा भेटलो तो त्यांच्या घरीच. पाय सुजले होते, जिने चढायला बंदी होती, कॉलेज सुटलं होतं. मला पवईला जागा मिळाल्याचं सांगायला गेलो होतो. त्यांना फार आनंद झाला, काकूंना हाक मारून दोनदा सांगितलं की हा आता कंपन्या मोजणार. मग मला जवळ बोलावून विचारलं, “तुला काय वाटतं सुमेध, धरायला नको होतं काय मी?” मी म्हणालो, सर, बेरीज बरोबर होती. त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना नको होतं, हे दिसत होतं. पण दुसरं माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, “बातमी आली की आधी मला.” मी हो म्हणालो.

बाराव्याला संदेशदादा भेटला. आम्ही दोघं बाहेर चपलांपाशी उभे होतो. झाकणांचा कारखाना बरा चाललाय म्हणाला. मग म्हणाला, “मामा मला सारखा विचारायचा, संद्या, चुकलं का रे? मी म्हणायचो, अरे मामा, तू वाचवलंस मला, ते देणं माझ्या गळ्यात आलं असतं. तर तो आणखीच गप्प व्हायचा.” चपलेत पाय घालत तो म्हणाला की परवा त्यानं एका मुलाला कामावर घेतलं आणि त्याच दिवशी त्याची तारीख लिहून ठेवली, पहिल्यांदाच. हे बोलून त्याचं तोंड असं झालं की मी दुसरीकडे बघितलं.

पवईच्या ऑफिसात मी आता दिवसभर तेच करतो. दोन कंपन्या शेजारी शेजारी, किंमत, अधिक कर्ज, वजा रोकड, भागिले कमाई. आकडे खूप मोठे असतात, शून्यं मोजावी लागतात. सगळं पटकन होतं. कामगारांच्या देण्याचा रकाना पुष्कळदा बारीक असतो, कधी रिकामाच असतो, आणि तिथं आलो की माझं बोट थांबतं. वरचे साहेब विचारतात, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. मला टेबलाशी उभ्या असलेल्या बायका दिसतात, माना खाली घातलेल्या, आणि त्यांतली कोण माझ्याकडे बोट करील याची मी वाट बघत राहतो. सोमवारी फोन हातातून खाली ठेववत नाही. एकदा दुसऱ्याच कोणाचा फोन वाजला आणि मी उचलायला उठलो...

हे सगळं मी मागच्या आठवड्यात लिहून संपवलं होतं, आणि इथंच थांबणार होतो. काल दुपारी ऑफिसात दापोलीहून फोन आला. शेवंताबाई होती. तिला सर गेल्याचं कोणी कळवलेलं नव्हतं, मीही नाही. मोठ्यानं बोलत होती, मागे कोंबड्यांचा कलकलाट होता. शेठच्या मुलीनं तिला फोन केला होता. भावांमधला वाद मिटला, गाळा विकला गेला, आणि कामगार कार्यालयाचा आदेश निघालाय, त्याप्रमाणे त्यातून आधी कामगारांचं देणं द्यायचं आहे, सगळ्या बायकांचं, लागल्यापासूनचं, माझ्या आईचंही. मी काहीच बोललो नाही, म्हणून तिला वाटलं फोन तुटला. ती दोनदा हॅलो म्हणाली. मग म्हणाली, “आधी सरांना सांग, मग आईला.”